ताईच्या खोलीचा पैरा

आमच्या घराला मशीनच्या तेलाचा वास होता, हे मला लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्यावर कळलं. तिथल्या पहिल्या सकाळी उठले तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय चुकतंय ते समजायला दुपार उजाडली. तोवर माझ्या लेखी तो वास नव्हताच, ते घरच होतं. बाबा फॅक्टरीतून यायचे, खाकी सदरा खुंटीला अडकवायचे, आणि तिथून तेल भिंतीत, गोधड्यांत, आमच्या केसांत मुरायचं. आई सोडा घालून कपडे उकळायची, रिठ्यानं आमची डोकी खसाखसा धुवायची, पण रोज संध्याकाळी भोंगा झाला की तेल पुन्हा दारात हजर. ही गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते वाचून कोणीही विचारील की चार माणसांच्या घरात एकालाही कसं कळलं नाही. नाही कळलं. ज्यात आपण बुडून आहोत ते कोणाला कळतं?

घर हिंदी मुलखातल्या शहराच्या घमापूर मोहल्ल्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आजोबांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बांधलेल्या विटांच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. आतल्या खोलीत चूल आणि देव, बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे. महायुद्धाचे दिवस होते. लढाई कुठे चालली आहे हे मला नकाशावर दाखवता आलं नसतं, पण ती आमच्याकडे रोज येऊन जायची. साखर तिनं नेली, रॉकेल नेलं, तांदळात खडे घालून ठेवले. आईचं पिठलं इतकं पातळ व्हायला लागलं की बाबा म्हणायचे, यात पोहता येईल. बाबांच्या पाळ्या वाढल्या. फौजेला माल पुरवणाऱ्या त्या फॅक्टरीत ते पॅकिंगमध्ये होते. समुद्रापलीकडून यंत्रांचे सुटे भाग खोक्यांतून यायचे, ते उघडायचे आणि इथला माल दुसऱ्या खोक्यांत भरून पाठवायचा. फॅक्टरीवर त्यांची श्रद्धा होती. आमच्या घरातलं स्टूल खोक्याच्या फळ्यांचं, माझी शाळेची पेटी खोक्याच्या फळ्यांची, आणि कोणी पाहुणा स्टुलावर जरा बिचकत बसला की बाबा हसून म्हणायचे, "बसा बिनधास्त. फॅक्टरीचा माल आहे."

दसरा होऊन गेल्यावर ताईला परत आणून सोडलं. ताई माझी मोठी बहीण. सिहोऱ्याच्या एका शेतीवाडीच्या घरात तिला दिलं होतं आणि तिची चिमी नुकती धड बोलायला लागली होती. पावसाळ्यात ताईला खोकला झाला, तो गेला नाही, मग ताप येऊ लागला, आणि डॉक्टरांनी ज्या रोगाचं नाव घेतलं ते आमच्या घरात पुढे कधीच कोणी मोठ्यानं उच्चारलं नाही. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. दूध, अंडी, ऊन आणि देवाची मर्जी. आईनं आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात धरलं, अंगणात तीन विटा मांडून त्याच्यासाठी वेगळी चूल केली, आणि उकडताना तोंड दुसरीकडे करून रामरक्षा म्हणत बसली. ताईचं ताट वेगळं, लोटी वेगळी, ती राखेनं घासून पेरूच्या झाडाखाली पालथी ठेवायची. ते काम माझं होतं.

ताईला सोडायला जावईबापू आणि विहीणबाई आल्या होत्या. चिमीला आणलं नव्हतं. विहीणबाई ओट्यावरच बसल्या, पाणीही घेतलं नाही.

"आम्ही काही दगडाचे नाही," त्या म्हणाल्या. "पण पोर लहान आहे. इथे तुम्ही सगळे एका खोलीत निजता, एकाच दारानं येता-जाता. वेगळी खोली करा, वेगळं दार करा. मग संक्रांतीला पोरीला घेऊन येऊ. बाहेरूनच पाहून घेईल ती आईला. तोवर नाही. चलो, बस निघून जाईल आमची."

जावईबापू सगळा वेळ स्वतःच्या जोड्यांकडे बघत होते. आज माझं वय विहीणबाईंच्या तेव्हाच्या वयाच्या पार पुढे गेलं आहे आणि मला कळतं की त्यांनी पोर वाचवली. तरीही त्यांची आठवण निघाली की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि ती मी पुसत नाही.

ते गेल्यावर ताईनं एकच विचारलं. "संक्रांतीला किती वेळ आहे गं, नलू?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा विटांच्या मागे लागले. भट्ट्यांवरच्या साऱ्या विटा मिलिट्रीच्या बराकींना लागलेल्या, सिमेंटचं तर नाव काढायची सोय नव्हती, आणि गवंडी, मजूर, बिगारी, जो कोणी हातात घमेलं धरू शकेल तो त्याच बराकींवर होता. बाबा रोज हात हलवत यायचे. एका सकाळी ताई अंगणात उन्हात खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मातीची करा ना, बाबा. सिहोऱ्याला आमचा गोठा मातीचाच आहे. दर वर्षी एक भिंत नवी घालत होतो आम्ही बायकाच. मी सांगते, तुम्ही करा."

आई म्हणाली, "काहून बोलून राहिली तू इतकी? पडून राहा ना बाप्पा."

"पडूनच तर बोलून राहिली आहे."

मातीचं तिला फारसं कौतुक नव्हतं. तळ्याच्या काठची आणा, भिजवा, तुडवा, झालं. तिचा सगळा जीव पैऱ्यात. पैरा म्हणजे धानाचा पेंढा. आई माहेरच्या सवयीनं त्याला तणस म्हणायची. ताईनं आम्हाला बजावलं की गव्हाचा भुसा आणाल तर परत पाठवीन, बैलांच्या पायाखाली त्याचा चुरा झालेला असतो, मातीला धरून ठेवील असं त्यात काही उरत नाही. पैरा हवा, लांब, याच सालचा. काडी बोटाभोवती गुंडाळून बघायची. जुनी असेल तर कडकन मोडते, पावसात भिजलेली असेल तर लोळागोळा होते, चांगली असेल तर वाकते आणि सोडली की उलगडते. मग झटकायची, लोंबीत दाणा राहिला असेल तर काढून टाकायचा, कारण एका दाण्यापायी उंदीर अख्खी भिंत पोखरतो. मग पाण्याचा हबका मारून पैरा ओला करायचा, नाहीतर तो चिखलातलं पाणी स्वतःच पिऊन टाकतो आणि भिंत तडकते. आणि चिखलावर पसरायचा तो विरळ, भाकरीखाली पीठ भुरभुरवतो तसा. हे सांगताना तिच्या गालांवर रंग यायचा, आणि त्या रंगाला आम्ही सगळे घाबरायचो.

कारण पैऱ्याला धूळ असते. डॉक्टर म्हणाले होते, धूळ म्हणजे हिला विष. आणि पारख करायची तर काडी हातात घ्यायला हवी, आणि हात फक्त तिचे जाणते.

पण पैरा होता कुठे? आई आणि मी बाजारातल्या टाली, म्हणजे चाऱ्याच्या वखारी, पालथ्या घातल्या. शेजारच्या मिश्राइन काकी, ज्या ताई आल्यापासून आमच्याशी भिंतीवरूनच बोलत, त्यांनी ऐकून कपाळावर हात मारला. "बहनजी, पैरा-भूसा सब मिलिट्री उठा ले गई. उनके खच्चर खाएँगे कि तुम दीवार में डालोगी?"

त्याच आठवड्यात बाबा सायकलच्या मागे आपल्यापेक्षा उंच भारा बांधून आले. गल्लीच्या तोंडापासूनच घंटी वाजवत होते. परदेशी खोक्यांतून यंत्रांच्या भागांभोवती भरून आलेला पेंढा फॅक्टरीत ढिगानं पडायचा, आणि गेटवर पास दाखवून लोक तो चुलीसाठी घरी न्यायचे. बाबांनी भारा ताईच्या खाटेशी सोडला. लांब, सोनेरी, एकसारखी काडी. तसला पेंढा आम्ही कधी पाहिला नव्हता.

"विलायती आहे! फॅक्टरीचा माल," बाबा म्हणाले. "बघ, पास करते का नापास?"

ताईनं एक काडी घेतली, बोटाला गुंडाळली, सोडली. दुसरी घेतली. मग मूठभर उचलून चेहऱ्याजवळ झटकली, आई "अगं अगं" करत धावली, आणि काहीच झालं नाही. ताई खोकली नाही.

"आई, याला धूळच नाही गं," ती म्हणाली, आणि हसायला लागली. "कशी गुळगुळीत काडी आहे बघ. दाणा नाही, धूळ नाही. हा मी दिवसभर निवडीन."

मग बाबा रोज एक भारा आणायचे. ताई खाटेवर बसून आखूड काड्या बाजूला काढायची, लांब कापून द्यायची, आणि आम्ही तुडवायचो. थंडी पडायला लागली होती. आईनं लुगड्याचा काचा मारलेला, बाबा पाळीवरून आलेले तसेच विजार वर करून खड्ड्यात उतरायचे, मी त्यांच्या मध्ये. चिखल असा गार की पायांची हाडं ठणकायची. पायांचा चपक-चपक आवाज, मध्येच फॅक्टरीचा भोंगा, मग बाजूच्या रुळांवरून फौजेची गाडी, आणि खाटेवरून ताईची आज्ञा, "नलू, टाचेनं! नाचून काय राहिली!" त्या दिवसांत आम्ही सुखी होतो, असं म्हणायला माझी जीभ अडखळते, पण होतो. तीन बाजूंनी भिंत चढत गेली, चौथी बाजू घराच्या विटांचीच. ताईनं सांगितलं की अंगणाच्या बाजूला खिडकी ठेवा, आणि किती उंचीवर ते तिनं खाटेवरून हात धरून दाखवलं. चिमीच्या हनुवटीएवढी.

भिंत माझ्या खांद्यापर्यंत आली होती. दुपारचं ऊन बरं पडलं होतं, आई ताकात भाकरी कुस्करून ताईसाठी ठेवत होती, आणि मागे कोणीतरी मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं तर खिडकीकडच्या भिंतीचं पोट सुटलं होतं. बघता बघता तिचे पापुद्रे सुटे झाले, आणि ती बसली. धाडकन पडलीसुद्धा नाही, नुसती बसली. दुसरीचंही तेच झालं, कोपऱ्यातून. मी धावत जाऊन चिखलात हात घातला आणि एक काडी ओढली. ती आरामात बाहेर आली, स्वच्छ, सोनेरी, जणू मातीची आणि तिची ओळखच झाली नव्हती.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा आम्ही तिघी अंगणात होतो आणि कोणी दिवा लावला नव्हता. मिश्राइन काकी आवाजानं दुपारीच कुंपणाच्या भिंतीशी येऊन गेल्या होत्या, त्या पुन्हा आल्या. एक काडी मागून घेतली, नाकाशी धरली आणि झटकन दूर केली.

"अरे, इसमें तो मशीन का तेल है! बास नहीं आती तुम लोगों को?"

बाबांनी काडी घेतली. हुंगली. आईनं हुंगली, मी हुंगली. आम्हाला कसलाही वास आला नाही. यंत्रांच्या भागांना गंज चढू नये म्हणून तेल-चरबी थापलेली असते हे बाबांना माहीत होतं, रोज त्यांचेच हात त्यात असत. धूळ नव्हती ती म्हणून. गुळगुळीत होती ती म्हणून. आणि माती धरली नाही तीही म्हणूनच. बाबा ती काडी नाकाशी धरून परत परत श्वास ओढत राहिले. मग अंगातला सदरा काढून त्यांनी चिखलात फेकला आणि पेरूच्या बुंध्याला टेकून, दोन्ही हातांनी डोकं धरून, असे रडले की कुंपणापलीकडच्या मिश्राइन काकीसुद्धा आत निघून गेल्या.

ताई रडली नाही. ती आपली बोटं उजेडाकडे धरून बघत होती. "माझ्या हातांना कळलं काहून नाही?" एवढंच म्हणत राहिली. "मला वाटलं, नवा आहे म्हणून."

तो चिखल परत वापरता येत नव्हता. काडी न् काडी उपसली तरी तेल आत उरलं होतं. नवी माती आणली, आणि माती आणून आम्ही तिच्याकडे बघत बसलो. महिन्यावर संक्रांत आली होती. आई आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोरखपूर मोहल्ल्यापर्यंत चालत गेलो, गवळ्यांना विचारलं, ते हसले. स्टेशनजवळ मिलिट्रीसाठी पैऱ्याचे गठ्ठे दाबून बांधत होते, डोंगरच्या डोंगर. आई पहाऱ्यावरच्या शिपायापुढे हात जोडून उभी राहिली. माझी आई, जी कोणाकडे विरजणाला दही मागायची नाही. "भैया, एक गट्ठा. मेरी लड़की बीमार है." त्यानं काठी जमिनीवर आपटली. परतताना गाड्यांतून सांडलेल्या काड्या रस्त्यावर दिसल्या. आई वाकली आणि एक एक उचलून पदरात टाकायला लागली. लोक बघत होते. मला शाळेतली एक मुलगी समोरून येताना दिसली, मी मान खाली घातली, आणि मान खाली गेलीच आहे तर म्हणून मीही वेचायला लागले. घरी येऊन पदर सोडला, तर त्यात एक गोळा होईल इतकाही पैरा नव्हता.

ते आईनं पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत गेली आणि आमच्या सतरंज्या गुंडाळायला लागली. तिकडे थंडीत गरिबाघरी सतरंजीखाली पैरा अंथरतात, आम्हीही अंथरायचो. मागल्या सालचा, आमच्या अंगाखाली दबून मऊ झालेला, धुळीनं भरलेला पैरा.

"आपण फरशीवर निजू," ती म्हणाली. "बघ गं पोरी, हा चालते का?"

ताईनं काड्या बोटाला गुंडाळून पाहिल्या. अर्ध्या मोडल्या, अर्ध्या वाकल्या. "निवडावा लागेल," ती म्हणाली. आईनं तिच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं, मी पाणी मारत राहिले, पण धूळ ती धूळ. ताई निवडायची आणि खोकायची, खोकून झालं की निवडायची. आई दर थोड्या वेळानं म्हणायची, पुरे आता, आणि स्वतःच पुढची मूठ तिच्यासमोर ठेवायची. यापरतं दुसरं काय करायला हवं होतं, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेली नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ताईनं फडकं सोडलं, वाकली, आणि तिच्या हातातल्या पैऱ्यावर लाल पडलं. आईनं पाहिलं, मी पाहिलं.

ताईनं ती मूठ काळजीपूर्वक वेगळी ठेवली. "ही चुलीत घाला," ती म्हणाली. "ही भिंतीत नको. चिमी तिथं उभी राहील."

डॉक्टर येऊन बाबांना ओरडून गेले. बाबांनी ऐकून घेतलं आणि विजार वर करून खड्ड्यात उतरले. पहिल्या खेपेसारखं कोणी बोलत नव्हतं. भिंती पातळ घातल्या, जेमतेम हातभर रुंद, कारण पैरा पुरवायचा होता. खिडकीपर्यंत पोचलो आणि आमचं अंथरूण संपलं. खिडकीच्या तळाला आडवी लांब काडी घालावी लागते, भिंतीच्या आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत, नाहीतर चौकटीच्या भारानं भिंत फाटते असं ताई म्हणाली. लांब काडी आमच्याकडे एकही नव्हती.

रविवारी बाबा काही न सांगता कुठेतरी गेले. तेव्हा बसगाड्या पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चालत, त्यामुळे परतले ते चेहऱ्यावर काजळी घेऊनच. काखेत पैऱ्याची एक पेंढी होती. नवी, लांब, थोडी हिरवट.

"सिहोऱ्याला गेलो होतो," त्यांनी जेवताना आईला सांगितलं. "विहीणबाई म्हणाल्या, सगळा ठेकेदारानं नेला. अच्छा, म्हटलं, निघतो. बसची वाट पाहत उभा होतो तर जावईबापू सायकलवर मागून आले. ही हातात ठेवली माझ्या. आणि सायकल वळवून गेले."

ताईनं पेंढी नाकाशी धरली. मशीनच्या तेलाचा वास तिलाही आला नव्हता, पण आम्हाला न येणारे शेताचे वास तिला सिहोऱ्याला राहून येऊ लागले होते की काय कोण जाणे. "विहिरीजवळच्या वावरातला आहे," ती म्हणाली, आणि ती पेंढी तिनं रात्री उशाशी ठेवून घेतली. सकाळी त्यातली प्रत्येक काडी तिनं स्वतः निवडली. आम्ही त्या खिडकीच्या तळाला आडव्या मांडल्या, वरून बोटभर चिखल सारवला. भिंतीपेक्षा काड्या लांब होत्या, म्हणून दोन्हीकडे टोकं बाहेर राहिली. बाबा विळ्यानं कापायला गेले तर ताई म्हणाली, राहू द्या, वाळल्यावर कापू.

वाळायला वेळच नव्हता. खिडकीच्या वरचा भाग खोक्याच्या फळ्यांनी भरला, त्यावर जुनी कवेलू, म्हणजे कौलं, घातली, फळ्यांचंच दार लावलं, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी ताईला तिच्या खोलीत नेलं. भिंती ओल्या होत्या. आत गेलं की तळ्याकाठचा गारवा अंगावर यायचा. अशा खोलीत आजारी माणसाला निजवू नये हे कळायला डॉक्टर कशाला हवा? पण वेगळी खोली होती, वेगळं दार होतं. त्या रात्री आईनं गुळाचा पाक केला आणि तीळ भाजता भाजता दोनदा करपवले.

सकाळी ताईनं मला साबण आणायला लावला आणि कोपरापर्यंत हात धुऊन घेतले. केस विंचरून घेतले. तोंडावर पदर बांधला, तो मीच गाठ मारून दिला. मग खिडकीशी, भिंतीला टेकून, ती स्टुलावर बसली. मी तिच्या मागे उभी होते.

ते आले. चिमीला हिरवा झगा घातला होता आणि विहीणबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. पेरूच्या झाडापाशी थांबून त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ती बघ आई. नमस्कार कर."

चिमीनं बघितलं. तोंडाला फडकं बांधलेली, डोळे तेवढे उरलेली एक बाई. चिमी आजीच्या लुगड्यात शिरली. "ती नाही आई," ती म्हणाली.

ताई बोलली नाही. बोलली असती तर खोकला आला असता. आईनं अंगणातून तिळगूळ पुढे केला, तो विहीणबाईंनी घेऊन पदराला बांधला. जावईबापूंनी चिमीला उचललं आणि खिडकीच्या जरा जवळ आणून उभं केलं. तिथून ती आत बघेना, मान खाली घालून राहिली. ताई तिच्या डोक्यावरचा भांग तेवढा बघत होती. मला वाटलं, संपलं. एवढ्यासाठी.

चिमीच्या हनुवटीशी पैऱ्याची टोकं बाहेर आलेली होती. तिनं एक धरली आणि ओढली, मुलं ओढतात तशी, काही करायला नाही म्हणून. चिखल अजून कच्चा होता. आतल्या बाजूला, ताईच्या गुडघ्यापाशी, काडीचं दुसरं टोक हललं.

ताईनं ते बघितलं. तिनं दोन बोटांत ते टोक धरलं आणि हळूच ओढलं.

बाहेर चिमी थांबली. मग तिनं ओढलं. ताईनं ओढलं. चिमीनं दोन्ही हातांनी धरलं आणि पाय रोवले, मला तिचे लाल कानातले हलताना दिसत होते, आणि ती हसायला लागली, मोठ्यानं, खिदळून. "आजी, आतून कोणी ओढून राहिलं!"

"कोणी नाही, उंदीर असेल. हात नको लावू भिंतीला," विहीणबाई झाडाजवळून म्हणाल्या. त्यांना बाहेरून पोर काडीशी खेळताना दिसत होती, इतकंच. जावईबापूंना दिसलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते तोंड फिरवून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ताईच्या तोंडावरचं फडकं ओलं झालं होतं. ती बोटांत ती काडी धरून ओढत होती, सोडत होती, ओढत होती, आणि तिच्या घशात खोकला दाटत होता तो तिनं डोळे मिटून, मान ताठ करून दाबून धरला.

"चलो," विहीणबाई म्हणाल्या. "बस निघून जाईल."

ताईनं बोटं उघडली. काडी भिंतीतून सरसरत बाहेर गेली आणि चिमी ती हातात घेऊन गेली. भिंतीत एक भोक राहिलं. सगळे गेल्यावर ताई खूप वेळ खोकली, आणि मग त्या भोकावर बोट ठेवून बसली. होळीच्या आधी ती गेली. त्याच खोलीत, आईच्या मांडीवर. पुढच्या पावसाळ्यात बाबांनी कवेलू उतरवली आणि भिंती आपल्या आपण विरघळू दिल्या. लढाई संपली, तरी बाबांनी फॅक्टरीतून पुन्हा कधी काही घरी आणलं नाही.

चिमीला आता नातवंडं आहेत. ती मराठीपेक्षा हिंदीच जास्त बोलते, पण मला भेटायला आली की तिच्या मराठीला लहानपणचं वळण येतं. मागल्या खेपेला मी हे प्रकरण लिहायला घेतलं होतं, तर तिला विचारलं, तुला काही आठवतं का गं?

"आईचा चेहरा नाही आठवत, मावशी," ती म्हणाली. "पण कोणीतरी जोर लावून राहिलं होतं पलीकडून, ते आठवते. आणि मग तिनं सोडून दिलं. ते पण आठवते, की हिसका नाही बसला मला. हळूच सोडलं तिनं."